देव पाण्यात घातलेलं घर

सातवीत असताना एकदा बाईंनी वर्गात विचारलं, निकाल जवळ आलाय, घरोघरी देव पाण्यात घातले असतील ना? सगळ्या मुली हसल्या. मी हात वर केला आणि अगदी प्रामाणिकपणे सांगितलं, की आमचे देव माझ्या आजीने केव्हाच पाण्यात घातलेत आणि अजून बाहेर काढलेले नाहीत. शाळा सदाशिव पेठेतली. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बसा." पुण्यात एवढ्या एका शब्दात माणसाचं कल्याण करता येतं.

बाकीच्या मुलींसाठी तो नुसता वाक्प्रचार होता, आमच्या घरात तो घडलेला होता. धर्मांतराच्या दिवसांत आजीने, म्हणजे आईच्या आईने, बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि देव्हाऱ्यातले सगळे देव गावच्या नदीत सोडून दिले, एवढं मला माहीत होतं. घरी येऊन शाळेतली गंमत मी आईला सांगितली. वाटलं, ती हसेल. ती मोरीत भांडी घासत होती. तिने नळ बंद केला, हात पदराला पुसले आणि भरलेल्या बादलीकडे बघत बसली. मग म्हणाली, असलं काही चारचौघांत बोलायचं नसतं. 

आमच्या घरात भूत नव्हतं. म्हणजे त्याला परवानगीच नव्हती. आई नर्स होती. लग्न होऊन वऱ्हाडातून पुण्यात आली, इथे शिकली आणि जन्मभर इस्पितळात राबली. रात्रपाळीला शवागाराच्या बोळातून एकटी जायची. मेलेला माणूस गरीब असतो, त्रास देतात ते जिवंत, असं तिचं स्वच्छ मत. शेजारणी दृष्ट काढत, दाराला लिंबू-मिरची बांधत, अमावास्येला पोरांना आत घेत. आईचं सगळ्याला एकच उत्तर असायचं, "आपल्यात तसलं काही नसतं." लहानपणी मला अंधाराची भीती वाटायची, पण वाटायची सोय नव्हती.

मोठी होऊन मी चित्रकार झाले. चित्रकार म्हणजे प्रदर्शनं भरवणारी नव्हे. गाईडांची कव्हरं, बालगीतांच्या पुस्तकातले ससे आणि हत्ती, बुधवार पेठेतल्या दुकानांत दोरीला टांगलेले तक्ते, हे सगळं माझं. गेल्या वर्षी एका प्रकाशकांनी बोलावून घेतलं. त्यांना मराठी कॉमिक काढायचं होतं. सुपरहिरॉइन हवी, आपल्या मातीतली हवी, आणि श्रद्धाळू हवी, कारण आईबाप तसलं पुस्तक पटकन घेतात. मंदिरात जाऊन शक्ती घेऊन येईल, असं त्यांच्या मनात होतं. मी म्हटलं, माझी विहारात जाईल. ते म्हणाले, जाऊ दे की, शक्ती मिळाल्याशी मतलब.

मग मी त्यांना समजावलं. हिची शक्ती म्हणजे पंचशील. जीव घ्यायचा नाही, न दिलेलं घ्यायचं नाही, वाकडं वागायचं नाही, खोटं बोलायचं नाही, नशा करायची नाही. हे पाच जोवर शाबूत आहेत, तोवर तिला जागेवरून कुणी हलवू शकत नाही. ती फक्त आडवी उभी राहते. गुंड येवोत नाहीतर पूर येवो, ती हलत नाही. एक खोटं बोलली, की संपलं, मग चारचौघींसारखी बाई. प्रकाशकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, म्हणजे बसच्या दारात उभ्या राहणाऱ्या माणसासारखी. मला राग आला, पण काम हवं होतं. आणि खरं सांगायचं तर ते बरोबर बोलले होते.

तिला नाव ठेवलं नाही. सगळे तिला ताई म्हणतात, एवढंच. पांढरी साडी, अनवाणी पाय. पहिल्यांदा काढली तेव्हा मोकळ्या केसांमुळे ती शाम्पूच्या जाहिरातीतली वाटायला लागली, म्हणून मी केस ओले केले. कपाळाला चिकटलेले, टोकांतून पाणी गळणारे. मग साडीही ओली केली. ती येऊन गेली की जमिनीवर ओली पावलं राहतात, अशी खूण ठरवून टाकली. मुलांना असलं आवडतं. डाव्या कानाच्या पाळीवर शाईचा ठिपका पडला. पान टाकून द्यायचं जिवावर आलं, म्हणून तो ठिपका खरवडून मी पाळी तुटकी केली. पुढे प्रत्येक चौकटीत ती तशीच काढत गेले.

तेव्हा आई माझ्याकडेच होती. मी पुण्याच्या कडेला, मांजरी गावात, नव्या सोसायटीत राहते. कंपाउंडच्या भिंतीपलीकडे अजून ऊस उभा आहे. बिल्डरने त्याला ग्रीन व्ह्यू म्हणून आमच्या गळ्यात मारला. दुपारी वाऱ्याची झुळूक नसली तरी तो ऊस सळसळतो. आत कुणीतरी पाती बाजूला सारत चाललंय, असं वाटत राहतं. आईचं हृदय थकलं होतं. पाय सुजायचे, फुप्फुसात पाणी साठायचं. डॉक्टरांनी दिवसाला प्यायचं पाणी मोजून दिलं होतं. ती स्वतः नर्स, तिला सगळं कळत होतं. माणूस आता आतून बुडत जातो, असं तिने मला रोग्याच्या नातेवाइकाला सांगावं तसं सांगितलं. तिची कॉट मी हॉलमध्ये टाकली होती, दारासमोर, म्हणजे आल्यागेल्याशी दोन शब्द होतील.

एका दुपारी ती काठी टेकत जेवणाच्या टेबलाशी आली. टेबलावर ताईची पानं वाळत होती. आईने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला.

"हिला तू कुठं पाहिलंस?"

मी म्हटलं, कुठं पाहणार, डोक्यातली आहे. ती बराच वेळ पानावर वाकून होती. मग बोट न लावता, वरूनच, तिने कान दाखवला. "डावाच," ती म्हणाली. "बरोबर काढलायस." आणि काठी टेकत परत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली. 

त्यानंतर ती दुपारची झोपेनाशी झाली. उशीला टेकून दाराकडे बघत बसायची, स्वतःच्याच मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजत. एकदा मला विचारलं, ओल्या पायांनी कोण आलं होतं? मी म्हटलं, कामवाली असेल. ती म्हणाली, कामवाली आज आली कुठं. ते खरं होतं. मी विषय बदलला. आजारात माणसाला भास होतात, हे मला तिनेच शिकवलं होतं.

पण मग मीही पाहिलं. भर दुपारी, लख्ख उजेडात. दारापासून आईच्या कॉटपर्यंत लादीवर ओली पावलं, लांबट, अनवाणी. बोटं कॉटकडे. परत जाणारी नव्हती.  मी फडकं आणून ती पुसली, मोरी पाहिली, वॉशिंग मशिनचा पाइप पाहिला, वरच्या मजल्यावर जाऊन त्यांच्या एसीचं पाणी कुठे जातं त्याची चौकशी केली आणि त्यांच्याशी उगाच भांडले. प्लंबर बोलावला. जवळच्याच वाडीतला माणूस, त्याने भिंतीला हात लावून पाहिला, वास घेतला आणि म्हणाला, "लाईन कोरडी हाय, म्याडम." त्याला दिलेले पैसे मला अजून खुपतात.

आईने आंघोळ सोडली. ओल्या फडक्याने अंग पुसू देईना. घरातली बादली भरलेली दिसली की ओतून टाकायला लावायची. रात्री-बेरात्री मढ्यांशेजारून गेलेली बाई नळाच्या आवाजाने दचकत होती. मी एकदा चिडले. म्हटलं, आई, आपल्यात तसलं काही नसतं, तूच सांगायचीस ना? ती म्हणाली, हो, नसतं. आणि दाराकडे बघत राहिली.

त्यातच प्रकाशकांचा फोन. पानं छान आहेत, पण बाई नुसती उभी राहते, मुलं कंटाळतील. हात उचलत नसेल तर निदान शेवटी खलनायकाला पाय धरून पाण्यात ओढू द्या. जीव गेला असं कुठे दाखवायचंय? बुडबुडे दाखवा, बाकी मुलं समजून घेतील. मी नाही म्हटलं, मग जरा वाद घातला, मग पेन्सिलीने ते पान काढलं. पोटासाठी माणूस काय काय काढतो. पाण्याखालून आलेला हात, घोट्याभोवती आवळलेली बोटं, आणि वर बुडबुडे.

ते पान आईच्या हाती लागलं. मी बाजारातून आले तर ती कॉटवर बसली होती आणि कागद तिच्या मांडीवर होता. चेहरा पांढराफटक. म्हणाली, दार लाव आणि इथे बस. मग तिने जे सांगितलं, ते तिने आजीला, माझ्या वडिलांना, कुणालाच कधी सांगितलं नव्हतं.

ती पाच-सहा वर्षांची होती. गावात दीक्षेचा कार्यक्रम झाला, आणि दुसऱ्या दिवशी आजीने देव्हाऱ्यातले देव धोतराच्या फडक्यात बांधले आणि हिला घेऊन नदीवर गेली. पितळेचे देव धोंड्यासारखे बुडाले. देवीचा मुखवटा होता, लाकडाचा, वर पातळ पत्रा ठोकलेला, डाव्या कानाची पाळी तुटलेली. तो काही बुडेना. आजी वरच्या अंगाला फडकं धूत होती, तिची पाठ होती. मुखवटा तरंगत काठाला आला, तोंड वर, डोळे उघडे, आणि हिच्या पायांशी येऊन थांबला. हिने पायाने ढकलला, तो परत आला. आजी बघेल आणि रागावेल, म्हणून ही पाण्यात बसली आणि दोन्ही हातांनी तो खाली दाबून धरला, गाळात रुतेपर्यंत. खालून बुडबुडे येत होते. पुष्कळ वेळ येत होते.

"गाळातली हवा असते ती," आई म्हणाली. "मला कळतं. पण हातांना कळत नाही."

जन्मभर तिने बुडत्यांना वर काढलं होतं. कितीतरी पोरांच्या तोंडात नळी घालून श्वास परत आणला असेल. आणि इतकी वर्षं तिला वाटत होतं, की आपण एका बाईला बुडवलं. बोलणार कुणाशी? सोडलेल्या देवांना आम्ही भितो असं तोंडातून निघालं असतं, तर आजीने ज्यासाठी गावाशी वैर घेतलं ते सगळंच पाण्यात गेलं असतं. म्हणून ती गप्प राहिली, आणि घरात भुताला बंदी घातली. आता ती येतेय, आई म्हणाली, रोज एकेक पाऊल पुढे. मरणाचं मला काही नाही, मी खूप मरणं बघितलीत. पण तिच्या हातून नको.

मग तिने ते पेन्सिलीचं पान माझ्यासमोर धरलं. "तू काढतेस तिला. खरं सांग. ती मला ओढणार का?"

खोटं सांगणं सोपं होतं. असलं काही नसतं म्हटलं असतं, की झालं. पण लादीवरची पावलं मी माझ्या हाताने पुसली होती, आणि माझ्या आईला खोटं फार लवकर ओळखता यायचं. मी म्हटलं, ती कुणाला ओढू शकत नाही, तिने पंचशील घेतलंय. आई त्या अवस्थेतही कडवट हसली. पाण्यात कोण होतं तिला शील द्यायला, म्हणाली.

मला एकदम काहीतरी सुचलं. विचारलं, मुखवटा दाबून धरला होतास, तेव्हा तुला भीती नाही वाटली? ती म्हणाली, वाटेल नाही तर काय, पाचसहा वर्षांचं पोर. मग काय केलंस? ती आठवत राहिली. मग म्हणाली, आदल्या दिवशी नवीनच शिकवलं होतं ना सगळ्यांना, तेच म्हणत होते. त्रिसरण आणि पंचशील. जुना देव बुडवायचा मंत्र तोच असणार, असं मला वाटलं होतं. मोठ्याने म्हणत होते, एकेक ओळ.

आमच्यात दीक्षा अशीच देतात. एकाने एक ओळ म्हणायची, थांबायचं, समोरच्याने ती मागून म्हणायची.

"एकेक ओळ म्हणून थांबत होतीस?"

"थांबणारच. तसंच शिकवलं होतं."

"आणि थांबलीस की बुडबुडे यायचे?"

आई माझ्याकडे बघत राहिली. बाहेर ऊस सळसळत होता. तिचे ओठ हलायला लागले, ती मनात ओळी म्हणून बघत होती, बहुतेक थांबे मोजत होती.

"तू तिला बुडवलं नाहीस, आई," मी म्हटलं. "तू तिला दीक्षा दिलीस. तिने मागून म्हटलं."

 आई म्हणाली, खुळचट आहेस, देवीला कसली दीक्षा. पण ते पान तिने माझ्या हातात दिलं आणि फाडायला सांगितलं. मी फाडलं, बारीक तुकडे करून. प्रकाशकांना फोन करून कळवलं, की ही बाई कुणाला ओढणार नाही. ते म्हणाले, मग छापण्यात अर्थ नाही. नका छापू, म्हटलं. ताईची पानं अजून माझ्या कपाटात आहेत.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईने पेलाभर पाणी मागितलं. तुला चालत नाही म्हटलं, तर म्हणाली, मला नको, उन्हातून आलेल्याला आधी पाणी विचारावं. मी म्हटलं, अगं, ती पाण्यातूनच येते, तिला पाणी कसलं देतेस? आईने विचार केला. "मग चहा टाक," म्हणाली. तेव्हापासून रोज दुपारी मी दोन कप चहा करायचे. एकातले दोन घोट आई घ्यायची, दुसऱ्यावर साय धरायची. आंघोळ सुरू झाली. झोपही लागायला लागली. पावलं कधी असायची, कधी नसायची. मला अजून भीती वाटायची, पण ती कुणाला सांगू? घरातली भिणारी आता मी एकटीच उरले होते.

आई गेली तीही दुपारीच. मी आत चहा गाळत होते. "आलीस?" असा तिचा आवाज आला, मला रोज ऐकायची सवय झाली होती तसाच. मग जरा वेळाने, "चल." मी कप तिथेच ठेवून बाहेर आले. आई उशीला टेकलेली होती, डोळे मिटलेले. तिने शिकवली होती तशी मी नाडी पाहिली, मानेशी पाहिलं, पुन्हा मनगटाशी पाहिलं. मग तिचा हात हातात घेऊन रडले.

मान वर केली तेव्हा लादी दिसली. पावलं कॉटपासून निघाली होती, बोटं दाराकडे. लांबट, ओळखीची. आणि त्यांच्या शेजारून लहान, अगदी लहान पावलं, पाच-सहा वर्षांच्या पोरीची. मधेच कुठे त्यांच्यात जास्त अंतर होतं, मुली मोठ्यांचं बोट धरून उड्या मारत चालतात तसं. उंबऱ्यापर्यंत होती, पुढे नव्हती.

मी शेजारच्या काकूंना हाक मारली. त्या लगेच आल्या, आईला पाहून त्यांनी डोळे पुसले, माझ्या पाठीवरून हात फिरवला, भराभर फोन लावले. मग त्यांचं लक्ष खाली गेलं. एवढं पाणी कसलं सांडलंय, त्यांनी विचारलं. मशिनचं, असं तोंडाशी आलं होतं. मी म्हटलं, आईचं आहे. त्यांना ते कसं लागलं कोण जाणे. आता माणसं येतील, कुणी घसरेल, पुसून घेते, असं म्हणत त्या फडकं आणायला वळल्या. मी म्हटलं, राहू द्या. त्या थांबल्या.

तोवर जिन्यात चपला वाजायला लागल्या होत्या. सोसायटीतली माणसं, मागून विहारातली मंडळी, पांढऱ्या कपड्यांत. मी जाऊन दारात उभी राहिले, दोन्ही हात चौकटीला लावून. सगळे बाहेर दाटले. कुणीतरी हळू आवाजात समजूत घातली, दुःख आहे, पण आत तर जाऊ द्यायला हवं. कुणी माझ्या खांद्याला हात लावून पाहिला.

"ताई," मागून एक बाई म्हणाल्या, "जरा बाजूला होता का?"

मी हलले नाही. लादी सुकेपर्यंत तिथेच उभी होते.